लिंबाचं पान, येनाचं पान

माझ्या बागेत फुलपाखरं थांबत नव्हती, आणि त्याचा मला चक्क राग आला होता. रागवायला मला फार मोठं कारण लागत नाही, हे माझ्या माहेरची आणि सासरची माणसं एकमताने सांगतील. पण फुलपाखरांवर रागावलेली बाई आमच्या यजमानांनीसुद्धा पहिल्यांदाच पाहिली.

मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैनगंगेच्या अलीकडे, एका लहानशा गावात आम्ही राहत होतो. यजमान जंगलखात्यात रेंजर होते. तेव्हा आमचा जिल्हा चांदा आणि राज्य मध्यप्रदेश. क्वार्टर कौलारू, दोन खोल्या आणि पडवी, पण अंगण एवढं मोठं की माझ्या माहेरची नागपुरातली अख्खी गल्ली त्यात मावली असती. त्या गल्लीत बाग म्हणजे तुपाच्या डब्यात लावलेली तुळस. त्यामुळे हे अंगण पाहून माझं डोकंच फिरलं. यजमान दिवसदिवस जंगलात असत. बोलायला माणूस नाही, आणि कोंबड्या पाळणं आमच्याकडे चालत नव्हतं. अंगणात काहीतरी हलतं-उडतं असावं असं फार वाटे, म्हणून मी ठरवलं की फुलपाखरं तर फुलपाखरं.

बदलीच्या नोकरीतल्या बायकांचं बागेचं एक शास्त्र असतं. झाड लावायचं नाही, रोप लावायचं. तीन महिन्यांत जे फुलेल ते आपलं, उशिरा फळेल ते पुढच्या साहेबाच्या बायकोचं. आमच्या अंगणात कुण्या जुन्या साहेबीणबाईनं हा नियम मोडून एक कागदी लिंबू लावलं होतं, ते माझ्या खांद्याएवढं झालं होतं. स्वयंपाकघरामागच्या मोरीवर एक गोडनिंबही होता, म्हणजे आपला कढीपत्ता. बाकी सगळं मी शास्त्राप्रमाणे केलं. नागपूरहून झेंडूचं आणि झिनियाचं बी आणलं, वाफे केले, संक्रांतीला अंगण नुसतं पेटल्यासारखं फुललं. फुलपाखरं आली. बसली, प्यायली आणि कुंपणावरून निघून गेली. रोज तेच. तिकडे बायका धुणं धुतात त्या नाल्याच्या ओल्या चिखलावर मात्र ती थव्यानं बसलेली असत. त्या चिखलात असं काय होतं, जे माझ्या नागपुरी झिनियात नव्हतं?

बागेला पाणी घालायला रेंजच्या रोपवाटिकेतला एक म्हातारा येई. जातीने ढिवर, म्हणजे मासेमार, काटक, कमी बोलणारा. यजमान त्याला अरेतुरे करीत, मी त्याला भाऊ म्हणे. माझी चिडचिड तो आठवडाभर ऐकत होता. शेवटी कावड खाली ठेवून म्हणाला, “फुलं पाहून थे येते बाई, पन ऱ्हात नाई. खानावळीत कोनी घर करते काय? घर कराले पान लागते.”

“कोणतं पान?”

“मले काऊन पुसता? तिलेच पुसा ना.”

मला वाटलं थट्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला कुंपणाशी बोलावलं आणि एक पिवळं फुलपाखरू दाखवलं. ते फुलांकडे ढुंकून बघत नव्हतं. या पानावर क्षणभर टेकायचं, त्या पानावर टेकायचं, पुढच्या पायांनी चाचपायचं आणि उडायचं. आठवडी बाजारात आमच्या गावच्या बायका वांगं दाबून बघतात आणि टोपलीत परत टाकतात, अगदी तस्सं. “पोटुशी हाये थे,” भाऊ म्हणाला. “पोरं खातीन असं पान शोधून राह्यली. कुठी बसते थे पाहा.” आम्ही दोघं तिच्यामागे तासभर हिंडलो. ती बसली ती उकिरड्यावरच्या तरोट्यावर. पानाखाली एक पांढुरकं, तांदळाच्या कणीहूनही बारीक अंडं चिकटवून गेली.

मी तरोटा, म्हणजे टाकळा, फक्त भाजीत पाहिला होता. तोही पावसाच्या सुरुवातीचा, कोवळा. तो कुणी बागेत लावतं, हे सांगितलं असतं तर माझ्या माहेरी हसून लोळले असते. पण तरोटा लागला. मग काळ्या-केशरी ठिपक्यांच्या एका फुलपाखराचा पाठलाग केला, तर ते रुईवर जाऊन बसलं. रुई मारुतीच्या देवळाशी असते, दारात नसते. तीही लागली. एरंडीवर एक विटकरी रंगाचं यायचं, म्हणून एरंडी लागली. अंगणातल्या लिंबावर काळं-पिवळं मोठं फुलपाखरू आपणहून यायचं, आजवर माझं लक्षच गेलं नव्हतं.

भाऊची निवड अशी होती. झाड दिसायला कसं आहे, फूल कोणत्या रंगाचं, वास कसा, काही विचारायचं नाही. पोटुशी माय बसली की झाड पास. मला ही रीत फार आवडली, कारण तीत कुणाचं काही चालत नव्हतं, माझंसुद्धा.

एका झाडावरून मात्र घरात वादळ झालं. फुलपाखरं मध प्यायला सगळ्यात जास्त जमत ती रायमुनियावर, त्या लाल-पिवळ्या गुच्छांच्या काटेरी झुडपावर. आणि रायमुनिया म्हणजे आमच्या यजमानांची जन्माची वैरीण. सागाची रोपं दाबून टाकते म्हणून ते मजूर लावून ती उपटायचे. मी तिच्या दोन फांद्या कुंपणाशी खोचल्या.

“उद्या मी माझ्याच अंगणावर छापा घालू का?” ते म्हणाले. “तरोटा, रुई, एरंडी आणि आता ही. लोकांना वाटेल रेंजरसाहेब घर सोडून पळाले.”

“घाला छापा. मग रात्रीची भाकरी मजुरांकडून थापून घ्या.”

शेवटी एकच झुडूप, आणि तेही फळ धरायच्या आत छाटायचं, असा तह झाला.

पावसाळा लागला आणि लिंबावर अंडी दिसू लागली, मोहरीएवढी, फिकट पिवळी. त्यांतून पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या निघाल्या. त्या दिवसापासून भाऊ बदलला. सकाळी मी उठायच्या आत तो लिंबाखाली हजर. हातात गुलेल, कमरेला मातीच्या गोळ्यांची पिशवी. कावळा आला, सातभाई आले, की गोळी. गांधीलमाशी दिसली की पाल्याच्या झाडूने फटका. बुंध्याला त्याने राखेचं कडं केलं, मुंगळे चढू नयेत म्हणून. आठ-दहा दिवसांनी पाहते तर दाढीचे पांढरे खुंट वाढलेले.

“भाऊ, आजारी आहात का?”

“नाई जी. अळ्या खाऊन राह्यल्या ना. आता दाढी नाई, मासोळी नाई, तेल नाई.”

मी खदखदून हसले. लिंबावरच्या अळ्यांसाठी ढिवराने मासे सोडले! तो हसला नाही. गुलेलीची दोरी ओढून बघत म्हणाला, “अळी लिंबाची असो का येनाची, जीव थोच हाये.”

तेव्हा मला त्याची हकीकत कळली. येन म्हणजे आपला ऐन. नाल्यापलीकडच्या उतारावर ऐनाची झाडं होती, त्यांवर त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कोसा पाळला होता. कोसा म्हणजे टसरच्या रेशमाचा किडा. त्याच्या अळ्या ऐनाची पानं खाऊन फांदीला कोष करतात, त्याला इकडे कोसाफळ म्हणतात. अळ्या उघड्या झाडावर असतात, म्हणून राखण करणाऱ्याला पावसाळ्यात सव्वा-दीड महिना, थंडीत त्याहून जास्त, रानातच राहावं लागतं, आणि तेवढे दिवस देवाच्या उपासासारखं सगळं पाळावं लागतं. पण अळ्या झाड ओरबाडून खातात, झाड वाढत नाही, असं म्हणून आमच्या आधीच्या साहेबांनी तो उतार बंद केला होता. यजमानांनी तोच हुकूम पुढे चालवला. भाऊ दर पावसाळ्यात ऑफिसात विचारून येई आणि ‘नाही’ ऐकून परत येई. असे तीन पावसाळे झाले होते.

“कोसा हातावर असते, बाई,” तो म्हणाला. “एकाच्या हाताले अळी जगते, एकाच्या हाताले मरते. माह्या हाताले जगे. पन हात रिकामा ठेवला का हात जाते म्हनते. मंग थो येत नाई वापस.”

म्हणजे माझं लिंबाचं झाड त्याच्यासाठी बाग नव्हती. आपला हात शाबूत आहे का, हे तो तिथे रोज तपासून बघत होता. आणि हात चांगलाच शाबूत होता. इतका, की एकही अळी मरेना. पक्ष्यांनी निम्म्याहून जास्त खाल्ल्या असत्या, त्या सगळ्या जगल्या. हिरव्यागार, बोटाएवढ्या झाल्या. हात लावला की डोक्यातून केशरी शिंग काढायच्या आणि आंबूस वास सोडायच्या. बघता बघता लिंबाचा खराटा झाला. पान म्हणून उरलं नाही. यजमान येता-जाता म्हणत, “मेलं ते झाड.”

त्याच आठवड्यात मी तांदूळ आणि किरकोळ सामान आणायला यजमानांबरोबर मूलच्या बाजाराला गेले. दिवसभराचं काम होतं. अळ्या भुकेल्या झाल्यात हे भाऊने पाहिलं, आणि त्याच्या हातांना जे येत होतं ते त्यांनी केलं. कोशाच्या झाडावरचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळ्या कापायच्या आणि दुसऱ्या भरल्या ऐनावर नेऊन बांधायच्या, ही त्यांची पिढ्यांची रीत. मोरीच्या कोपऱ्यात एक कोवळा ऐन होता, लुसलुशीत पानांचा. भाऊने लिंबाच्या डहाळ्या एकेक करून त्यावर बांधल्या.

मी परत आले तेव्हा ऊन कलत होतं. अळ्यांनी एकाही पानाला तोंड लावलं नव्हतं. कितीतरी खाली पडल्या होत्या, त्यांना मुंगळ्यांनी गाठलं होतं. वर राहिलेल्या मऊ पडून लोंबत होत्या. भाऊ बुंध्याशी उभा होता. मला पाहून म्हणाला, “येनाचं पान खाऊन अळी कधी मरत नाई, बाई. खातच नाई ह्या.”

दोन महिने मी ज्यांची वाट पाहिली, त्यांची ती दशा बघून माझा तोल गेला. हातातली पिशवी आपटून मी म्हणाले, “मला न विचारता हलवल्या कशाला? आयुष्यभर अळ्या पाळल्या म्हणता ना? गेला तुमचा हात. गेलाच.”

तो पडवीकडे वळला. गुलेल पडवीच्या खांबाला टांगली, गोळ्यांची पिशवी त्याखाली ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी बागेला पाणी घालायला रोपवाटिकेतला दुसराच माणूस आला.

राग माझा लवकर उतरतो. उतरला की मी काय बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं, ही माझी खरी शिक्षा. त्या माणसाला जगात ज्या एकाच गोष्टीची भीती होती, तीच मी पिशवी आपटून त्याच्या तोंडावर फेकली होती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. यजमान म्हणाले, “बोलावून आण.” पण काय सांगून बोलावणार? मी चुकले म्हणावं, तर अळ्या खरंच मेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मोरीवर भांडी घासताना मी गोडनिंबाची फांदी बाजूला सारली आणि हाताला आंबूस वास लागला. वर पाहिलं. गोडनिंबावर चार-पाच हिरव्या अळ्या मजेत पानं खात होत्या! ऐनावरून खाली पडलेल्यांतल्या मुंगळ्यांच्या हाती न लागलेल्या काही हातभर अंतर सरपटत आल्या होत्या आणि शेजारच्या झाडावर चढल्या होत्या. मी गोडनिंबाचं पान चुरडून हुंगलं. मग लिंबाची बोडकी डहाळी मोडून हुंगली. मग ऐनाचं पान. नाकाला जे कळलं ते इतकं सोपं होतं की मला माझीच लाज वाटली. ऐन त्यांचं जेवणच नव्हतं. मायनं जे पान चाचपून निवडलं, त्याच्याच जातीचं पान त्यांना हवं होतं. भाऊनेच शिकवलेला धडा होता तो. कोशाच्या सवयीने तो विसरला आणि रागाच्या भरात मी.

अळीसकट गोडनिंबाची डहाळी मोडून मी तशीच ओल्या हातांनी ढिवरांच्या मोहल्ल्यात गेले. रेंजरसाहेबांची बायको हातात किडा घेऊन चाललेली पाहून गाव दारात आलं. भाऊ घरापुढे जाळं विणत बसला होता. दाढी तशीच होती. म्हणजे त्याने अजून पाळणं सोडलं नव्हतं. ते पाहून मला धीर आला.

डहाळी त्याच्यापुढे धरून म्हणाले, “भाऊ, हात गेला नाही. पान चुकलं होतं. हिला विचारा.”

अळी खात होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने माझ्यासारखंच पान चुरडून हुंगलं आणि कपाळावर हात मारला. “येनावर नेऊन बांधल्या! मायनं लिंबू दिलं अन् म्या येन वाढलं!”

“आणि मी जे बोलले...”

“बोलन्याचं काय जी. पन तुमी बोलल्या अन् मले खरं वाटलं, थे वंगाळ झालं.”

मी माफी मागितली. त्याला ते अवघडल्यासारखं झालं, त्याने जाळं उचलून मांडीवर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खांबावरची गुलेल जागेवर नव्हती, गोडनिंबाखाली होती.

त्या चार-पाच अळ्यांची फुलपाखरं श्रावणात निघाली. एक माझ्यासमोर कोषातून बाहेर आलं, ओले पंख वाळवत तासभर बसलं आणि उडून रायमुनियावर गेलं. कुंपणाबाहेर नाही गेलं! मी एकटीच टाळ्या वाजवत होते. तोवर तरोट्यावर पिवळी, रुईवर केशरी, सगळीकडे पोरवडा झाला होता. अंगण बघून आलेगेले नाक मुरडत आणि मग तिथेच उभे राहत. माझ्या सुखाला तेव्हा काही कमी नव्हतं, एक त्या उताराची गोष्ट सोडली तर.

भाद्रपदात मी यजमानांना म्हणाले, “वरणावर पिळायला लिंबू आणता का?” ते बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी पडवीतून पाहिलं. लिंबापुढे कमरेवर हात ठेवून उभे होते. झाड पहिल्यापेक्षा दाट झालं होतं, नवी पालवी तेल लावल्यासारखी चकाकत होती.

“हे मेलं होतं ना?”

“मेलं नव्हतं. पोरांना वाढून उपाशी बसलं होतं.”

ते ओळखून चुकले की हे कुठे चाललंय. म्हणाले, “लिंबू म्हणजे ऐन नव्हे.”

“ऐनाचं मला काय कळतं? रेंजर तुम्ही आहात.”

त्यावर आणखी बोलायची मला फार हौस आली होती, पण जीभ चावून गप्प बसले. यजमान दुराग्रही नव्हते, फक्त डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना पटत नसे. पुढचे चार दिवस ते नाल्यापलीकडे जात-येत राहिले. जुन्यांपैकी कोणत्या झाडांवर पूर्वी कोसा झाला होता ते भाऊकडून विचारून घेतलं. ती झाडं मेली नव्हती. नाल्याकाठची बरीचशी वाकडी होती, त्यांची फळी कधी निघणारच नव्हती. तेवढीच वाकडी झाडं, या हंगामापुरती, आणि नुकसान दिसलं तर पुन्हा बंद, असा कागद त्यांनी केला.

कागद मिळाला तेव्हा भाऊ नाचेल अशी माझी कल्पना होती. तो पडवीच्या पायरीवर बसला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. बियाण्याला रानातले कोसे त्याने आधीच हेरून ठेवले होते, मग अडलं कुठे?

“एक अडचन हाये, बाई,” तो म्हणाला. “रानात म्या पाळीन. पन घरी पाळाले बाई लागते. माही घरची असे तवा थे पाळे. आता थे नाई, अन् सूनबाई कोनी नाई घरात.”

“म्हणजे काय पाळायचं?”

“हळद नाई. फोडनी नाई. केसाले तेल नाई. उताराकडे याचं नाई. फळं होतवरी.” माझ्याकडे न बघता त्याने शेवटचं सांगितलं, “अन् राग कराचा नाई. घरची बाई रागावली का अळी खानं सोडते.”

पडवीत खुर्चीवर बसलेले यजमान एवढ्या जोराने खोकले की चहा सांडला. मला वाटतं ते हसणं लपवत होते. पण भाऊ थट्टा करत नव्हता. गावात पाळणाऱ्या बायका काय कमी होत्या? त्यांच्यातल्या, रीत जाणणाऱ्या. ते सगळं सोडून त्याने मला विचारलं, जिने त्याच्यावर राग काढला होता तिला. मी ‘हो’ म्हणाले.

हळद-फोडणीचं काही वाटलं नाही. उकडलेलं वरण, उकडलेली भाजी. तेलावाचून केस पिंजारले, आरशात बघायचं सोडलं. पण राग! कौल गळलं, दूध नासलं, यजमान चिखलाचे बूट घालून सारवलेल्या जमिनीवर चालत आले. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर माझा अर्धा दिवस गेला असता. आता ओठावर शब्द आला की मी पाठ फिरवून अंगणात जायची आणि एरंडीखाली बसून अळ्या मोजायची. त्या खात असायच्या. तिकडे नाल्यापलीकडेही कुणी खात असेल, त्यांनी माझ्यामुळे थांबू नये, एवढंच मनात असे. माझा या गोष्टींवर विश्वास होता का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. तेव्हा मी तो प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. एक शब्द बोलून मी त्या माणसाचा हात जवळजवळ घालवला होता. आता न बोलून तो राखता येत असेल, तर राखायचा होता. यजमानांनी पहिले काही दिवस मुद्दाम खोड्या काढल्या. मग एका जेवणात म्हणाले, “मलाही बिनहळदीचंच वाढत जा.” आणि बूट बाहेर काढू लागले.

भाऊचा काही निरोप येत नसे. येणारच नव्हता. दिवाळी गेली. आम्ही त्या वर्षी करंज्या तळल्या नाहीत. सकाळी गवतावर दव पडू लागलं. मला वाईट शंका येत, आणि शंकेवरही रागवायची सोय नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो फाटकाशी आला. दाढी छातीपर्यंत, अंगावर नुसती हाडं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाला, “चला.”

“उतारावर? मला तर मनाई आहे.”

“आजपावतर होती. पयलं फळ घरच्या बाईनं तोडा लागते.”

मी पायांत चपला न घालता निघाले. नाला ओलांडला. ज्या झाडांपाशी इतके दिवस मी फिरकले नव्हते, ती जवळजवळ बोडकी होती, आणि बोडक्या फांद्यांवर करड्या-पिवळ्या रंगाची फळं लटकली होती, कवडीसारखी गुळगुळीत, देठ फांदीभोवती घट्ट वळलेले. या झाडावर, त्या झाडावर, वर, खाली, उताराच्या टोकापर्यंत. भाऊने एका फांदीकडे बोट दाखवलं आणि विळा माझ्या हातात दिला. देठ लाकडासारखा चिवट, मला दोनदा कापावा लागला.

कोसा माझ्या तळहातावर पडला. भाऊ पुढे आला नाही. दोन पावलं मागे उभा राहून, परीक्षेचा निकाल ऐकावा तसा तो माझ्या हाताकडे बघत होता. हलका लागला तर आतला जीव मेलेला, एवढं मला त्याच्याकडूनच माहीत होतं.

“जड हाये काय?” त्याने विचारलं.

मी मूठ हलवली. आत काहीतरी टकटकलं, आणि मग आपणहून हललं.

“जड आहे, भाऊ,” मी म्हणाले. “जिवंत आहे.”

तो तिथेच, ऐनाच्या खाली, मातीत बसला आणि आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघू लागला.